रद्दीतील फुले



गणेशोत्सव जवळ आला की आपल्या मंडळात मखराचा विषय निघतो. थर्माकोलचे मखर आयते मिळते, दिसते सुबक. परंतु विसर्जनानंतर ते कुजत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अशा सजावटीवर बंदी घातली. आपण येथे दूर असलो, तरी तो विचार आपलाही आहे. म्हणून आम्ही घरोघरच्या रद्दीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटतो ती त्याच्या तंतूंची दिशा. तिला समांतर वळण दिले की कागद सहज वळतो. पाकळीचे टोक मागे वळवायचे, तर पाकळी तंतूंना आडवी कापावी. झेंडूसाठी पट्टीच्या एका कडेला बारीक चिरा देऊन ती काडीभोवती गुंडाळावी. हळदीच्या पाण्याने पिवळा रंग येतो. त्यात चुन्याची निवळी घातल्यास तो तांबूस होतो. चिकटविण्यास गव्हाच्या पिठाची खळ पुरते.

एवढी फुले एका हाताने होत नाहीत, यातच आम्हांस लाभ दिसतो. आपली मुले शाळेत परभाषेत शिकतात. आजीशेजारी बसून कातरताना पाकळी, देठ, कळी, खळ हे शब्द त्यांच्या तोंडी आपसूक येतील. आयते मखर हे देऊ शकत नाही. यंदाचे मखर आपण सर्वांनी मिळून करावे, ही आमची नम्र विनंती.