नर्मदेकाठची तिशीतली बाई



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत नोंदी झाल्या आणि विषय निघाला मुलांच्या दहावीचा. एका ताईंच्या मुलीला विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. ताई म्हणाल्या, “माकडाचा माणूस झाला म्हणे! मग देवळापुढची माकडं अजून माकडंच कशी?” सगळ्या हसल्या. मला मात्र उत्तर देता आलं नाही. मी बी.ए. झालेली, विज्ञान दहावीलाच सुटलं. मग वाचून काढलं, ते आज सांगते.

देवळापुढचं माकड आपलं आजोबा नव्हे, ते आपलं लांबचं भावंड. सगळ्यांत जवळचं भावंड चिंपांझी. त्याचे आणि आपले पूर्वज एकच होते. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी घर वाटलं गेलं, चुली वेगळ्या झाल्या. एका घरातून दुसरं घर निघालं म्हणून पहिलं नाहीसं होत नाही.

हे कशावरून कळतं? जीवाश्मांवरून. मेलेल्या प्राण्याचं हाड नदीच्या गाळात लवकर गाडलं गेलं, तर त्यात हळूहळू खनिजं मुरतात आणि हाडाचा दगड होतो. १९७४ साली इथिओपियात अशीच एक मादी सापडली. तिचं नाव ठेवलं ‘लूसी’. वय सुमारे ३२ लाख वर्षं, उंची जेमतेम साडेतीन फूट. मेंदू आपल्या मेंदूच्या साधारण एक तृतीयांश, पण कंबरेची आणि गुडघ्याची हाडं सांगतात की ती दोन पायांवर चालत होती. म्हणजे माणूस आधी उभा राहिला, मेंदू नंतर मोठा झाला.

आपल्या देशातही असा पुरावा आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात, नर्मदेकाठी हथनोरा गावाजवळ, घट्ट झालेल्या वाळूगोट्यांच्या थरात कवटीचा भाग मिळाला. बहुतेक अभ्यासक ती दोन लाख वर्षांहून जुनी मानतात. ती नेमकी कोणत्या मानवजातीची, यावर अजून वाद आहे. काहींच्या मते ती तिशीतल्या बाईची असावी. हे वाचलं आणि मी थबकले. माझ्याच वयाची!

आपल्याकडे प्रवरेकाठी नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलिया यांना आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. सोलापूरचा काळा पाषाण तापलेल्या लाव्हाचा, त्यात हाडं टिकत नाहीत. ती सापडली तर नदीच्या जुन्या गाळात. आणि आपल्या भीमा-सीनेची वाळू तर रात्रंदिवस उपसली जाते. थर एकदा उकरला की वस्तू किती जुनी, हे सांगणारा पुरावाच जातो.

म्हणून एवढंच सांगते. विहीर खणताना, नदीकाठी काम करताना हाडासारखा जड दगड दिसला तर फोडू नका, हलवू नका. मोबाईलवर फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.

त्या ताईंच्या मुलीला मी उत्तर दिलं. आता ती विचारते, “मावशी, लूसीला मुलं होती का?” हे मात्र हाडं सांगत नाहीत.