विज्ञानशिक्षकाची पूर्वतयारी



विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. तत्पूर्वी विज्ञानशिक्षकाने टाचणवहीबरोबरच आपला भंडारा जिल्हाही नीट वाचून ठेवावा, असे मला वाटते. भंडाऱ्याचे पितळी भांडे म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील मँगनीज डायऑक्साइड विजेरीच्या शुष्क घटात उपयोगी पडते. जुलैच्या मध्यास माध्याह्नीचा सूर्य भंडाऱ्याच्या थेट माथ्यावर येतो. आभाळ मोकळे असल्यास उभ्या काठीची सावली क्षणभर दिसेनाशी होते. या प्रयोगास एका काठीवाचून दुसरे साहित्य लागत नाही.

परंतु त्याच सुमारास धानाची रोवणी असते आणि घरच्या कामासाठी मुलांना, विशेषतः मुलींना, वर्गातून बांधीत नेले जाते. आरंभीचे धडे बुडाले म्हणजे पुढचे विज्ञान अवघड वाटू लागते, आणि मुलीला बुद्धी नाही असा नाहक समज होतो. शिक्षकाने कितीही तयारी केली, तरी समोरचे बाक रिकामे असता ती व्यर्थच होय. यास्तव पालकांस माझी नम्र विनंती आहे की, रोवणीच्या दिवसांतही मुलामुलींस शाळेत नियमित पाठवावे.