गुरगुरण्याचा अर्थ

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात चंडीगड येथील सेक्टर १७ मध्ये झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



नोकरी-व्यवसायानिमित्त चंडीगडमध्ये स्थिरावलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी शाळेला इतक्या दूर अगत्याने बोलावले, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करते. मराठी माणसाला ही भूमी परकी नाही. संत नामदेवांचे उत्तरायुष्यातील वास्तव्य पंजाबातील घुमान येथे झाले, असे परंपरा सांगते. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथेच भरले. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. त्या कथेतील जिवाला आपण ‘मुका’ म्हणतो. तो खरोखरच मुका आहे का, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

संयोजकांनी मला विचारले होते, ‘घरचे कुत्रे किंवा मांजर माणसावर धावून येते, तेव्हा ते घरावर सत्ता गाजवू पाहत असते का? आणि आपण काय करावे?’ मी पशुवैद्य नाही, शिक्षिका आहे. तथापि मुले आणि पाळीव प्राणी एकाच घरात वाढत असल्यामुळे हा प्रश्न शाळेच्याही दाराशी येतो.

प्रश्न किरकोळ नाही. जून २०१८ मध्ये येथून जवळच, सेक्टर १८ मधील उद्यानात भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात दीड वर्षाचे बालक दगावले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये भटक्या जनावरांमुळे होणाऱ्या अपघातांविषयी निर्णय देताना, कुत्र्याच्या चाव्याबाबत प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान १०,००० रुपये भरपाई ठरवली. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न प्रशासनाच्या कक्षेतला आहे. मी बोलणार आहे ते उंबरठ्याच्या आतल्या प्रश्नाविषयी, कारण तो पूर्णतः आपल्या हातात आहे.

कुत्रा खाण्याच्या भांड्याजवळ गुरगुरतो, सोफ्यावरून उठवले की दात दाखवतो. अशा वागण्याला पूर्वी सरसकट ‘वर्चस्वाची आक्रमकता’ म्हटले जाई. या कल्पनेचे मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांविषयी लिहिले. परस्परांना अनोळखी असलेले प्राणी एका कुंपणात कोंडले गेल्यावर त्यांच्यात झुंजी होत आणि एक जण म्होरक्या ठरे. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने हा म्होरक्या जगभर पोहोचवला. पुढे त्याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण केले. तेथे कळप म्हणजे आई, वडील आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब होते. त्यांनी १९९९ मध्ये तसे प्रसिद्ध केले आणि आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे, अशी विनंतीही प्रकाशकांना केली. विद्वत्तेतील या प्रामाणिकपणाला मी मनोमन वंदन करते.

प्राण्यांत मानपान मुळीच नसतो, असे नव्हे. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचतो याचा ठरलेला क्रम असतो. दोन कुत्र्यांपैकी एक जण हाडासाठी दुसऱ्याला वाट देतो. परंतु तो एखाद्या वस्तूपुरता दोघांमधला व्यवहार असतो. धन्याला सिंहासनावरून खाली खेचण्याचा बेत कुत्र्याच्या मनात नसतो. त्याच्या गुरगुरण्यामागे बहुधा भीती असते, वेदना असते किंवा हातची वस्तू हिरावली जाईल ही धास्ती असते.

कारण चुकले की उपायही चुकतो. ‘त्याला त्याची जागा दाखवा’ या उपदेशानुसार कित्येक जण कुत्र्याला मारतात, उलथा पाडून दाबून धरतात, डोळे वटारतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये १४० श्वानपालकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारणे वा लाथ घालणे हा उपाय ज्यांनी योजला, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांच्या बाबतीत कुत्रा उलट अंगावर आला. उलथे पाडून दाबण्याच्या बाबतीत हे प्रमाण ३१ टक्के, तर डोळे रोखण्याच्या बाबतीत ३० टक्के होते.

याहून मोठा धोका निराळा आहे. मार खाल्लेला कुत्रा कधी कधी गुरगुरणे सोडून देतो आणि घरच्यांना वाटते की तो सुधारला. वस्तुतः त्याची भीती तशीच राहिलेली असते. नाहीशी झालेली असते ती केवळ पूर्वसूचना. असा कुत्रा पुढे एके दिवशी ‘काही कारण नसताना’ चावतो. म्हणून गुरगुरीला शिक्षा करू नये. ती ऐकावी, थांबावे, मागे सरावे आणि मग शांतपणे कारण शोधावे.

मांजराची भाषा अधिक सूक्ष्म असते. कुरवाळून घेता घेता त्याची शेपटी आपटू लागते, कान मागे झुकतात, पाठीची कातडी थरथरते. ‘आता पुरे’ असे ते सांगत असते. तेथे हात थांबला नाही, तर ओरखडा ठरलेला. खिडकीबाहेर परके मांजर दिसल्याने बिथरलेले मांजर कधी कधी घरातल्याच माणसावर झडप घालते. अशा वेळी त्याला उचलू नये. अंधाऱ्या, निवांत खोलीत शांत होऊ द्यावे. एकाहून अधिक मांजरे असतील, तर खाण्याची भांडी दूरदूर ठेवावीत, मलमूत्राची पेटी मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावी आणि बसायला उंच जागा द्याव्यात.

कुत्र्यासाठी पहिली पायरी पशुवैद्याची. आजवर शांत असलेला प्राणी एकाएकी चिडू लागला, तर सांधे, दात, कान यांचे दुखणे आधी तपासून घ्यावे. दुसरी पायरी नोंदीची: कोठे, केव्हा, कोणासमोर गुरगुरतो, हे लिहून ठेवावे. तिसरी पायरी अदलाबदलीची: तोंडातली वस्तू हिसकावण्याऐवजी तिच्याहून आवडता खाऊ द्यावा, म्हणजे माणसाचा हात जवळ येणे त्याला सुखाचे वाटू लागते. घरातील सर्वांचे नियम एकच असावेत. ‘बस’ म्हटल्यावर बसला की ताटली मिळते, एवढी शिस्त पुरते. चावण्याचा इतिहास असेल, तर तोंडाला जाळी बांधण्याची सवय हळूहळू लावावी आणि तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. लहान मूल आणि प्राणी यांना एकटे कधीही सोडू नये. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या प्राण्याला हात लावू नये, हे मुलांना आवर्जून शिकवावे.

आता शिक्षिका म्हणून सर्वांत महत्त्वाचे सांगते. कुत्रे चावले किंवा मांजराने ओरखडले, तर रागावतील या भीतीने काही मुले घरी सांगत नाहीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळपास अटळ असतो. मात्र वेळीच उपचार झाले तर तो टळतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, हळद, तिखट, चुना असे काही लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दहशत आजही आजी-आजोबांच्या बोलण्यात असते. ती जुनी लस डेव्हिड सेंपल यांनी येथून जवळच्या कसौलीत विकसित केली होती. तिने असंख्य प्राण वाचवले, पण ती आता इतिहासजमा झाली आहे. आजची इंजेक्शने मोजकी असतात आणि पोटात द्यावी लागत नाहीत. घरच्या कुत्र्या-मांजराला दरवर्षी लस द्यावी. कुत्र्याची नोंदणीही करावी. येथील महानगरपालिकेचे कार्यालय तर याच सेक्टर १७ मध्ये आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. त्यामागचे शहाणपण घरातही उपयोगी पडावे. धाकाने कुत्र्याची गुरगुर बंद होते आणि मुलाचे बोलणेही बंद होते. दोन्ही वेळा घरात शांतता नांदते आहे असे आपल्याला वाटते आणि दोन्ही वेळा धोका आपल्या नजरेआड वाढत असतो. आपली शाळा साठ वर्षे मुलांना बोलायला शिकवीत आली आहे. त्यांचे ऐकून घेणारी घरे आपण सर्वांनी उभी करावीत, आणि त्या घरांत दारातल्या मुक्या म्हटल्या जाणाऱ्या जिवाचेही ऐकले जावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.