पुढच्याने मागच्यास सांगावे



आपल्या भोईवाड्याच्या नावातच भोई आहे. पालखी वाहणाऱ्या भोयांची एक रीत असे. पुढच्यास वाट दिसे, मागच्यास पालखीआड काही दिसत नसे. म्हणून खड्डा, चढ, पाणी, जे समोर येईल ते पुढचा ओरडून सांगे आणि मागचा त्या बेताने पाऊल टाकी.

या रीतीची आठवण होण्याचे कारण येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. 29 सप्टेंबर 2017, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी पाऊस कोसळला. परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आजचे प्रभादेवी) ही स्टेशने जोडणाऱ्या पुलावर माणसे आडोशाला थांबली आणि गाड्यांतून उतरणारे मागून येतच राहिले. जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, 23 जीव गेले. 'फूल गिर गया' हे शब्द लोकांनी 'पुल गिर गया' असे ऐकले, अशी एका जखमी मुलीची साक्ष वृत्तपत्रांत आली होती. एका अक्षराचा फरक! खरे दुखणे अरुंद जिन्याचे, याविषयी आम्हांस शंका नाही. ते शब्दांच्या माथी मारू नये. पण महाडजवळचा सावित्रीवरचा पूल पुरात वाहून गेला त्याला जेमतेम वर्ष झाले होते. भ्यालेला कान भीतीचाच शब्द आधी उचलतो. आणि जिना तुंबला आहे हे पुढच्यांस दिसत होते, मागच्यांस नव्हते. अशा वेळी 'अरे बापरे' ही आरोळी कुचकामाची. 'जिना बंद आहे, मागे सरा' हे चार-पाच जणांनी एका सुरात म्हणावे, आणि ऐकणाऱ्याने तेच शब्द मागे पोहोचवावेत.

घरात आपले बोलणे कसे असते? 'ते तिकडचे झाले का?' असे यजमान विचारतात, आणि बाईंना ते कळते! वीस वर्षांच्या संसाराची ती पुण्याई. 112 क्रमांकावर फोन उचलणाऱ्याशी आपला असा संसार झालेला नसतो. 'लवकर या हो, आग लागली!' एवढे सांगून फोन ठेवला, तर बंबाने जावे कोठे? जागा आधी सांगावी: रस्ता, चाळीचे नाव, मजला, जवळची खूण. मग काय झाले ते, आणि किती माणसे अडकली ते. फोन मध्येच तुटला तरी जागा पोहोचलेली असते.

आज घरी गेल्यावर मुलांना आपला पत्ता विचारून पाहा. पुष्कळ मुले शाळेचे नाव खणखणीत सांगतील आणि घराचा मजला बोटे वर करून दाखवतील. फोनवर बोटे दिसत नाहीत.