केशवरावांचा चाहता

आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी गाव 1956 साली आंध्र प्रदेशात गेले आणि 2014 पासून तेलंगणात आहे. तेथील मराठी माणसाला हिंदीही परकी नाही. ‘प्रभात’ आपले पुष्कळसे चित्रपट दोन्ही भाषांत काढी. त्यामुळे अशा सीमेवरचा रसिक केशवराव दात्यांचा चाहता असला, की त्याची मोठी पंचाईत होई.

‘कुंकू’ने (1937) त्याला अडविले नाही. कोवळ्या नीरेशी लग्न करणारा विधुर वकील मराठीप्रमाणे ‘दुनिया न माने’तही केशवरावांनीच रंगविला. शांता आपट्यांच्या नीरेचा संताप सर्वस्वी न्याय्य आहे. तरी अखेरीस स्वतःचा अपराध उमजून जीव देणाऱ्या त्या वृद्धाचा तिरस्कार करवत नाही. हे यश नटाचे.

परंतु ‘अमृतमंथन’मधील (1934) राजगुरू मराठीत केशवराव, तर हिंदीत चंद्रमोहन! ‘शेजारी’तील (1941) जिवबाची जागा हिंदीत मझहर खानांनी घेतली, मिर्झा तेवढे दोन्हीकडे गजानन जागीरदार. चाहता प्रथम रुसे. पण धरण फुटून ते दोघे मित्र एकत्र प्राण सोडीत, तेव्हा हा आपला नट नव्हे, हे तो विसरून जाई. मग त्याला व्ही. शांतारामांचे दिग्दर्शन दिसू लागे.

पुढे ‘संत तुकाराम’ (1936) येई. त्यात केशवराव नाहीत, आणि दिग्दर्शनही दामले-फत्तेलालांचे. विष्णुपंत पागनीसांना पाहून तो बाहेर येई आणि दुसऱ्या खेळाचे तिकीट काढी.