खोली भाड्याने देताना

मैत्रिणींनो, नवऱ्यामागे एक खोली भाड्याने देऊन घर चालवणाऱ्या बऱ्याच जणी माझ्याकडे सल्ल्याला येतात. मी आधी विचारते, जागा कुणाच्या नावावर? त्याच्याच नावावर असेल तर पहिल्यांदा वारसनोंद करून घ्या.

दुसरं, ओळखीचा माणूस म्हणून तोंडी व्यवहार नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. ही जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची. नोंदणी नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही तो हलत नसेल तर पाणी-वीज तोडू नका. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. त्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं.

भाडं दिराच्या हाती नको, स्वतःच्या खात्यात घ्या आणि पावती द्या.

आणि एकटी बाई जागा विचारत आली, तर ‘नवरा कुठाय?’ विचारू नका. तो प्रश्न आपण पुष्कळ ऐकलाय.