अण्वस्त्रांचा धाक आणि शांततेचा ताळेबंद

(संस्थेच्या बुद्धपौर्णिमा व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



अण्वस्त्रे आणि जागतिक शांतता या विषयावर बोलावे, असे कार्यकारिणीने आम्हांस सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही बँकेतील एक कारकून. दिवसभर नोटा मोजायच्या, व्हाउचरे पाहायची, सायंकाळी ताळा जुळला की घरची वाट धरायची. राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालो, एवढीच काय ती पात्रता. परंतु सचिव महोदय म्हणाले, "तुम्ही हिशेबाचे माणूस, तुम्ही हिशेबच सांगा." तेव्हा आज हिशेबच सांगणार आहोत. चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रारंभ आपल्या विहाराच्या पायरीपासूनच करतो. ११ मे १९९८ चा तो सोमवार. वैशाख पौर्णिमा होती. आम्ही तेव्हा कॉलेजात शिकत होतो आणि विहारात खीर वाटण्याचे काम आमच्याकडे होते. दुपारी पावणेचारच्या सुमारास राजस्थानात पोखरणच्या वाळवंटात तीन अणुस्फोट झाले, आणि संध्याकाळी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी ते दूरदर्शनवर जाहीर केले. वस्तीत जल्लोष झाला. कोणी पेढ्याचा पुडा आणला. आम्हीही पेढा खाल्ला, हे आज लपवून ठेवण्यात अर्थ नाही. विहारातील एक वयोवृद्ध गुरुजी मात्र खिरीच्या पातेल्याजवळ तसेच बसून राहिले. ते एवढेच म्हणाले, "बाळांनो, आनंद करा, पण त्यात बुद्धाचं नाव कशाला घेता?"

त्यांचा रोख आम्हांस नंतर समजला. १८ मे १९७४ च्या पहिल्या चाचणीला 'स्मायलिंग बुद्धा' हे नाव चिकटलेले आहे, आणि 'बुद्ध हसला' असा सांकेतिक निरोप दिल्लीस गेल्याचे सांगितले जाते. ती चाचणीही बुद्धपौर्णिमेलाच झाली, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. आम्ही कारकुनी सवयीने जुने पंचांग काढून पाहिले. त्या वर्षी पौर्णिमा ६ मे रोजीच होऊन गेली होती! १९९८ ची तिथी मात्र खरी. १३ मे रोजी आणखी दोन स्फोट झाले, आणि महिना संपण्यापूर्वी २८ व ३० मे रोजी पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. आमच्या तोंडातील पेढ्याची चव अठरा दिवसही टिकली नाही.

आता धाक म्हणजे काय, ते पाहू. इंग्रजीत ज्याला डिटरन्स म्हणतात, त्यामागील विचार साधा आहे. तू मला मारशील तर मरता मरता मीही तुला मारीन, म्हणून तू मारूच नकोस. या विचाराला हसून चालणार नाही. १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी बेचिराख झाल्यावर आजतागायत युद्धात अणुबाँब वापरला गेलेला नाही, आणि अमेरिका व सोव्हिएत रशिया या दोन महासत्ता समोरासमोर महायुद्धात उतरल्या नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. प्रश्न असा आहे की हे श्रेय एकट्या धाकाच्या खात्यावर जमा करता येईल काय? आमच्या मते येत नाही.

बँकेतील स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. एकट्याने दार उघडत नाही. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. अमेरिकेच्या भूमिगत क्षेपणास्त्र केंद्रांतही हीच पद्धत आहे. दोन अधिकारी, दोन किल्ल्या, आणि कुलपे एवढ्या अंतरावर की एका माणसाचे हात दोन्हीकडे पोचू नयेत. हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस मोठी गंमत वाटली. पण पुढे विचार केला आणि झोप उडाली. कारण दोन किल्ल्यांनी चोर अडतो, माथेफिरू अडतो. चूक अडत नाही. व्हाउचरच खोटे असेल आणि दोघांनाही ते खरे वाटले, तर दोघेही प्रामाणिकपणे सह्या करतात.

आणि खोटी व्हाउचरे आलेली आहेत. २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतर मॉस्कोजवळील सेर्पुखोव्ह-१५ या केंद्रावर स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचे लेफ्टनंट कर्नल कामावर होते. अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटल्याचा इशारा यंत्राने दिला. मग आणखी चार सुटल्याचा. काळही वाईट होता. त्याच महिन्याच्या १ तारखेस सोव्हिएत विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि २६९ माणसे मेली होती. पेत्रोव्ह यांनी विचार केला की महायुद्ध सुरू करायचे तर कोणी पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील? त्यांनी वर कळवले की इशारा खोटा आहे. तो खोटाच होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने उपग्रह फसला होता.

यापुढील भाग आम्ही आमच्या शाखेतील सहकाऱ्यांना नेहमी ऐकवतो. चौकशी झाली तेव्हा पेत्रोव्ह यांना ठपका कशाबद्दल मिळाला? त्या वेळची नोंदवही भरली नाही याबद्दल! ते म्हणत की एका हातात टेलिफोन होता, दुसऱ्या हातात इंटरकॉम होता, तिसरा हात नव्हता. कचेरी कुठलीही असो, भांडवलशाही असो वा समाजवादी, रजिस्टर अपुरे राहिलेले खपत नाही.

त्याआधी एकवीस वर्षांपूर्वी क्यूबाच्या पेचप्रसंगात तर जग याहूनही जवळ गेले होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये सोव्हिएत रशियाने क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे आणल्याचे अमेरिकेच्या विमानांनी टिपले. २२ तारखेस अध्यक्ष केनेडी यांनी सागरी नाकेबंदी जाहीर केली. २७ तारखेच्या शनिवारी क्यूबावर एक अमेरिकन टेहळणी विमान पाडले गेले. त्याच दिवशी बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला अमेरिकन युद्धनौकांनी घेरले आणि तिने वर यावे म्हणून इशाऱ्याचे छोटे स्फोट पाण्यात केले. आत उष्णतेने माणसे कोसळत होती, मॉस्कोशी संपर्क तुटलेला होता, आणि एका टॉर्पेडोवर अण्वस्त्र होते. वर युद्ध पेटले, अशी कप्तानाची समजूत झाली व त्याने तो टॉर्पेडो सज्ज करण्यास सांगितले. पाणबुडीवर वासिली आर्खिपोव्ह हे आणखी एक ज्येष्ठ अधिकारी होते. त्यांनी कप्तानाला शांत केले आणि पाणबुडी पृष्ठभागावर आणली गेली. ही हकिगत जगास कळण्यास २००२ साल उजाडावे लागले.

क्यूबाच्या प्रकरणात आम्हांस सर्वांत अचंबा वाटतो तो टपालाचा. जग भस्म करण्याचे सामर्थ्य असलेल्या दोन देशांमध्ये थेट बोलण्याची सोयच नव्हती. ख्रुश्चेव्ह यांचे २६ तारखेचे लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पोचून भाषांतरित होण्यास सुमारे बारा तास लागले. सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी आठवणींत लिहिले आहे की दूतावासाची सांकेतिक तार नेण्यासाठी तारकंपनीचा पोऱ्या सायकलवरून यायचा, आणि तो वाटेत कुठे थांबू नये एवढीच त्यांची प्रार्थना असे. २८ तारखेस क्षेपणास्त्रे परत नेण्याचा निर्णय ख्रुश्चेव्ह यांनी मॉस्को रेडिओवरूनच सांगून टाकला, कारण तारेपेक्षा रेडिओ लवकर पोचतो.

लोकांची समजूत अशी की केनेडींनी दम दिला आणि रशिया वरमला. प्रत्यक्षात २७ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी आणि दोब्रिनिन यांची गुपचूप भेट झाली होती. क्यूबावर स्वारी करणार नाही हे वचन तर होतेच, शिवाय तुर्कस्तानातील अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढून घेण्याचेही ठरले. ही दुसरी अट अनेक वर्षे झाकून ठेवली गेली. त्यामुळे धाकाचे नाव झाले आणि देवाणघेवाण बिचारी अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १९६३ रोजी, दोन्ही राजधान्यांमध्ये थेट टेलिप्रिंटरची लाइन सुरू झाली, आणि त्याच महिन्यात हवेत, पाण्याखाली व अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार मॉस्कोत झाला.

आपल्या वहीतील चूक आपल्याच वहीत शोधून सापडत नाही, हे प्रत्येक बँकवाल्याला ठाऊक असते. समोरच्याची वही मागवावी लागते आणि आपली त्याच्यापुढे टाकावी लागते. महासत्तांनी हेच पुढे केले. १९८७ मध्ये रीगन व गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांबाबत करार केला आणि १९९१ पर्यंत दोघांची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. अमेरिकेची ८४६, सोव्हिएत रशियाची १,८४६. अमेरिकेचे तपासनीस रशियातील व्होटकिन्स्कच्या कारखान्याच्या दारात मुक्काम ठोकून राहिले, रशियाचे तपासनीस अमेरिकेत युटा राज्यात. दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवला, असे कोणी समजू नये. विश्वास नव्हता म्हणून तर तपासनीस ठेवले. १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या घरात अण्वस्त्रे होती. २०२५ च्या प्रारंभी, स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या अंदाजाने, १२,२४१ उरली होती. बाकीची मोडली गेली, त्यात या वह्या-तपासणीचा मोठा वाटा आहे.

दुःखाची गोष्ट अशी की अलीकडे या वह्या एकामागून एक बंद झाल्या. १९८७ चा करार २ ऑगस्ट २०१९ रोजी संपला. २०१० च्या 'न्यू स्टार्ट' करारात प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा आणि वर्षाला अठरा तपासण्या होत्या. त्या तपासण्या मार्च २०२० मध्ये कोविडमुळे थांबल्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये युक्रेन युद्धाच्या वातावरणात रशियाने आपला सहभागच स्थगित केला. ५ फेब्रुवारी २०२६ ही कराराची अखेरची तारीख होती. मुदत वाढवण्याची एकच सोय होती, ती २०२१ मध्येच वापरून झाली होती. तिसरा स्पर्धक चीन तर अशा मोजणीत कधी बसलाच नाही. आणि खर्च? सिप्रीच्याच आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये जगाने लष्करावर २,७१८ अब्ज डॉलर खर्चले, आदल्या वर्षापेक्षा नऊ टक्क्यांहून अधिक. वह्या मिटल्या की तिजोऱ्या उघडतात.

आपल्या देशाचे २०२५-२६ चे संरक्षण अंदाजपत्रक ६ लाख ८१ हजार कोटींचे होते. यावर आमच्यासारख्याने तोंडसुख घ्यावे, हे आम्हांस पटत नाही. त्यातील सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन आमच्या काउंटरवर जे वृद्ध जवान आणि वीरपत्नी येतात, त्यांचाही घास त्या आकड्यात आहे. आमचे आतेभाऊ महार रेजिमेंटमध्ये होते. जवानाला चांगले बूट आणि चांगली बंदूक मिळू नये, असे म्हणणारे आम्ही नव्हे.

पण बाबासाहेबांनी या प्रश्नाची उकल वेगळ्या टोकाने केली होती. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरच्या त्यांच्या निवेदनाचा उल्लेख आपण हिंदू कोड बिलासाठी नेहमी करतो. त्यातील परराष्ट्रधोरणाचा भाग सहसा वाचला जात नाही. वर्षाच्या ३५० कोटी महसुलापैकी सुमारे १८० कोटी आपण सैन्यावर खर्च करतो, आणि हा प्रचंड खर्च थेट आपल्या परराष्ट्रधोरणातून उद्भवला आहे, असे त्यांनी मांडले. अडचणीच्या वेळी धावून येईल असा मित्र नाही, म्हणून सारे बिल आपल्यालाच भरावे लागते, हा त्यांचा मुद्दा. सैन्य मोडा, असे ते म्हणाले नाहीत. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून खटपट करणारा माणूस तसे म्हणणार नाही. तोफेचे बिल पाहताना दूतावासाचे काम तपासा, असे त्यांचे सांगणे होते. १९५१ चे त्यांचे सगळेच निष्कर्ष आज जसेच्या तसे लागू पडतात, असा आमचा दावा नाही. हिशेबाची रीत मात्र आम्ही त्यांच्याकडूनच घेतो.

शेवटी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. १ जानेवारीस आपल्यापैकी कितीतरी जण पहाटेच कोरेगावच्या विजयस्तंभाकडे निघतात. त्याच दिवशी दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी एक लिफाफा दिला-घेतला जातो. आमची अणुकेंद्रे अमुक ठिकाणी आहेत, अशी यादी भारत पाकिस्तानला देतो आणि पाकिस्तान भारताला. या केंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला आणि पहिल्या याद्या १९९२ च्या १ जानेवारीस बदलल्या गेल्या. १९९९ मध्ये कारगिल झाले, दोघांकडेही बाँब असताना झाले, आणि आपले पाचशेहून अधिक जवान कामी आले. पुढच्या १ जानेवारीस यादी गेली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, सीमेवर फौजा उभ्या राहिल्या. तरी तीन आठवड्यांच्या आत यादी गेली. मे २०२५ मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रे आणि ड्रोन उडाले. २०२६ च्या १ जानेवारीस यादी गेली, आणि आलीही. ही पस्तिसावी वेळ होती.